दहा डॉलरचा लॅपटॉप : एका वार्तेची समीक्षा

१. प्रस्तावना

२००९ च्या जानेवारी महिन्याच्या अखेरीस एक वार्ता भारतातून निघाली आणि पाहता पाहता जगभर पोहोचली. भारत सरकार विद्यार्थ्यांसाठी अवघ्या दहा डॉलर किमतीचा लहान लॅपटॉप आणत आहे, अशी ती वार्ता होती. त्या वेळच्या विनिमय दराने ही रक्कम पाचशे रुपयांच्या आसपास भरत होती. म्हणजे पदवीच्या वर्गातील विद्यार्थ्याला दोन-तीन संदर्भग्रंथांसाठी जेवढा खर्च येई, तेवढ्यात त्याच्या हाती संपूर्ण संगणक येणार होता. यंत्र कोणी पाहिलेले नव्हते. तरीही ते शक्य आहे की अशक्य, देशाला भूषणावह आहे की हास्यास्पद, याविषयी वृत्तपत्रांत आणि आंतरजालावर तावातावाने वाद सुरू झाला. 'बाजारात तुरी' या म्हणीचा इतका नेमका प्रत्यय अलीकडच्या काळात क्वचितच आला असेल.

३ फेब्रुवारी २००९ रोजी तिरुपती येथे तत्कालीन केंद्रीय मनुष्यबळ विकास मंत्री अर्जुनसिंह यांच्या हस्ते माहिती व संप्रेषण तंत्रज्ञानाद्वारे शिक्षणाच्या राष्ट्रीय अभियानाचे उद्घाटन झाले आणि त्याच समारंभात ते बहुचर्चित साधन दाखविण्यात आले. सुमारे दहा इंच लांब आणि पाच इंच रुंद अशी ती पेटी होती. तिच्यात माहिती साठविता येत होती. परंतु ती माहिती पाहण्यासाठी निराळा संगणक वा पडदा लागणार होता. लॅपटॉप या शब्दाने जे सूचित होते, ते तिच्यात नव्हते. 'नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा' असा हा प्रकार ठरला आणि वाद एका हशात संपला.

तथापि हशा म्हणजे समीक्षा नव्हे. या वार्तेचा आणि तिच्याभोवतीच्या वादाचा एक संहिता म्हणून विचार केल्यास, त्यातून आपल्याकडील शैक्षणिक चर्चेची एक खोल सवय हाती लागते. प्रस्तुत लेखात त्या सवयीचा शोध घेण्याचा प्रयत्न केला आहे.

२. वार्तेची वंशावळ

मराठीत खोट्या वा अर्धवट वार्तेसाठी अनेक शब्द आहेत. आवई उठते, कंडी पिकते, वावड्या उडतात आणि हूल दिली जाते. या प्रत्येक शब्दात एक सूक्ष्म भेद आहे. आवईला कर्ता नसतो. ती आपोआप उठते. हूल मात्र कोणीतरी जाणूनबुजून देतो. दहा डॉलरच्या लॅपटॉपची वार्ता यांपैकी कोणत्या प्रकारात मोडते, हे पाहण्यासाठी तिची वंशावळ पाहणे आवश्यक आहे.

२००५ च्या जानेवारीत दावोस येथे निकोलस नेग्रोपोंटे यांनी शंभर डॉलरच्या लॅपटॉपची कल्पना मांडली. प्रत्येक मुलास एक लॅपटॉप, हे त्यांच्या संस्थेचे ब्रीद होते. भारताने ही योजना स्वीकारावी असे प्रयत्न झाले. परंतु २००६ साली मनुष्यबळ विकास मंत्रालयाने तिला नकार दिला. ही कल्पना शैक्षणिकदृष्ट्या संशयास्पद आहे, असे कारण त्या वेळी मंत्रालयाने दिले होते. हे कारण लक्षात ठेवण्याजोगे आहे. कारण पुढील सर्व घटनांवर त्याची छाया पडलेली दिसते.

त्यानंतर अवघ्या एका वर्षात, २००७ साली, त्याच मंत्रालयाच्या पुढाकाराने दहा डॉलरचा लॅपटॉप तयार करण्याचे प्रयत्न चालू असल्याच्या बातम्या येऊ लागल्या. प्राथमिक आराखड्यानुसार खर्च सत्तेचाळीस डॉलरपर्यंत येत असून मोठ्या प्रमाणावर उत्पादन केल्यास तो आणखी उतरेल, असे तेव्हा सांगण्यात आले. २००८ च्या जुलैमध्ये मनुष्यबळ विकास राज्यमंत्री डी. पुरंदेश्वरी यांच्या भाषणाच्या आधारे हा आकडा पुन्हा प्रसिद्ध झाला. लवकरच दुरुस्ती आली : दहा हा आकडा टंकलेखनातील चूक असून तो शंभर असा वाचावा. एरवी अशा खुलाशानंतर विषय मिटावयास हवा होता. पण सहा महिन्यांच्या आत दहा हा आकडा पुन्हा उभा राहिला आणि या वेळी तो दुप्पट जोमाने पसरला. उच्च शिक्षण विभागाच्या सचिवांनी सध्या किंमत वीस डॉलरच्या घरात येत असल्याचे सांगितले होते; परंतु मथळ्यांत वीस टिकले नाहीत, दहाच टिकले.

एवंच, ही निव्वळ आवई नव्हती, कारण तिला शासकीय उगम होता. आणि निव्वळ हूलही नव्हती, कारण खुलासे, सुधारणा व अटी त्याच उगमातून येत होत्या. सांगणाऱ्याचा उत्साह आणि ऐकणाऱ्याची आस या दोहोंनी मिळून ती घडविली होती.

३. वादातील तीन पक्ष

या वादात स्थूलमानाने तीन पक्ष दिसून येतात. पहिला पक्ष श्रद्धावानांचा. त्यांची श्रद्धा अगदीच निराधार होती असे म्हणता येणार नाही. १० जानेवारी २००८ रोजी दिल्लीत टाटांची एक लाखाची मोटार लोकांसमोर आली होती. २२ ऑक्टोबर २००८ रोजी चांद्रयानाने उड्डाण केले होते. दूरध्वनीचा खर्च पाहता पाहता सामान्यांच्या आवाक्यात आला होता. जगाला जे महाग पडते ते भारत स्वस्तात करून दाखवितो, ही धारणा या काळात दृढ होत होती. अशा वातावरणात पाचशे रुपयांचा संगणक ही पुढची स्वाभाविक पायरी वाटणे समजण्यासारखे आहे.

दुसरा पक्ष गणितज्ञांचा म्हणावा लागेल. एकट्या पडद्याची किंमतच दहा डॉलरहून अधिक होते. त्यात प्रक्रियक, स्मृती, विद्युतघट, कळफलक आणि बांधणी यांचा खर्च मिळविल्यास बेरीज कोठे जाते, असा त्यांचा सवाल होता. या पक्षाचे म्हणणे वस्तुतः अचूक होते. नेग्रोपोंटे यांचे शंभर डॉलरचे यंत्र २००७ च्या अखेरीस उत्पादनात आले तेव्हा त्याची किंमत १८८ डॉलरच्या आसपास गेली होती. त्याच वर्षी असूस या तैवानी कंपनीने आपला 'ई पीसी' हा सात इंची लहान लॅपटॉप १९९ डॉलरपासून मिळेल असे जूनमध्ये सूचित केले. प्रत्यक्षात त्याची प्रमुख आवृत्ती ३९९ डॉलरला विकली गेली. जाहीर झालेली किंमत आणि द्यावी लागणारी किंमत यांतील ही दरी पाहता, दहाच्या आकड्यावर शंका घेणे हे शहाणपणाचेच लक्षण होते.

तिसरा पक्ष विषण्णांचा. ज्या शाळेत फळा धड नाही, वीज बेभरवशाची आहे, शिक्षकांच्या जागा रिक्त आहेत, तेथे लॅपटॉप ही थट्टा आहे, असे या पक्षाचे म्हणणे होते. या युक्तिवादात नैतिक बळ आहे. परंतु त्यात एक धोकाही आहे. गरिबाच्या गरजांची एक उतरंड आपणच लावून द्यावयाची आणि वरच्या मडक्यापर्यंत त्याचा हात कधीच पोहोचू नये अशी व्यवस्था करावयाची, असा त्याचा परिणाम होऊ शकतो. खडू आणि संगणक यांपैकी एकाचीच निवड करण्याची सक्ती सधन घरातील विद्यार्थ्यावर कोणी करीत नाही.

हे तिन्ही पक्ष परस्परविरोधी भासतात. किंबहुना त्यांनी एकमेकांवर केलेली टीका बऱ्याच अंशी योग्यही आहे. परंतु एका गोष्टीवर तिघांचे एकमत होते, आणि तेच या वादाचे सर्वांत लक्षणीय अंग आहे : तिघांनीही किंमत हाच मुख्य विषय मानला.

४. 'दहा' या अंकाचा अर्थ

येथे भारतीय काव्यशास्त्रातील शब्दशक्तींचा विचार उपयुक्त ठरतो. शब्दाचा सरळ अर्थ अभिधेने कळतो. तो अर्थ जुळेनासा झाला की लक्षणेचा आश्रय घ्यावा लागतो. लक्षणेसाठी तीन गोष्टी आवश्यक मानल्या आहेत : मुख्यार्थाचा बाध, मुख्यार्थाशी संबंध, आणि रूढी अथवा प्रयोजन.

गणितज्ञांच्या पक्षाने जे केले ते नेमके मुख्यार्थबाधाचे कार्य होते. दहा डॉलर हा आकडा अभिधेने घेता येत नाही, हे त्यांनी सिद्ध केले. मात्र ते तेथेच थांबले. मुख्यार्थ बाधित झाल्यावरही तो शब्द पुनःपुन्हा का उच्चारला जातो, टंकलेखनाची चूक म्हणून मागे घेतल्यावरही तो परत का येतो, हा पुढचा प्रश्न त्यांनी विचारला नाही. त्याचे उत्तर दुसऱ्या व तिसऱ्या अटीत आहे. 'दहा'चा संबंध पाचशे रुपयांशी नव्हता, तो 'शंभर'शी होता. परदेशी संस्थेचे यंत्र शंभराचे, तर आमचे त्याच्या दशांशाचे. हा त्यातील संबंध होय. आणि प्रयोजन असे की, २००६ साली दिलेला नकार हा असमर्थाचा नकार नव्हता, हे जगाला सांगावयाचे होते. दहा ही किंमत नव्हती. ते प्रत्युत्तर होते.

'लॅपटॉप' या शब्दाबाबतही असेच घडले. शासकीय परिभाषेत हे साधन 'अल्पमूल्य संपर्क व संगणन साधन' अशा प्रकारे ओळखले जात होते. या लांबलचक नावात एक प्रामाणिकपणा होता. कारण पडदा, कळफलक यांचे आश्वासन त्यात नव्हते. परंतु लोकांपर्यंत पोहोचताना 'साधन' गळून पडले आणि 'लॅपटॉप' उरला. तिरुपतीला जी निराशा झाली, ती यंत्राने केलेली नसून शब्दाने केलेली होती. शब्दांच्या अर्थच्छटांविषयी बेफिकीर राहिल्यास सार्वजनिक विश्वासाची किती हानी होते, याचे हे ठळक उदाहरण आहे. भाषेच्या अध्यापकांना तंत्रज्ञानाच्या चर्चेत स्थान का असावे, याचेही ते एक उत्तर आहे.

५. ग्राहकाची आस आणि नागरिकाचा हक्क

नव्या यंत्राच्या वावड्या सर्वत्र उडतात. २००७ च्या उत्तरार्धात ॲपल कंपनी एक अतिशय सडपातळ लॅपटॉप आणणार असल्याची चर्चा अशीच रंगली होती. १५ जानेवारी २००८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे स्टीव्ह जॉब्ज यांनी कागदी लिफाफ्यातून 'मॅकबुक एअर' बाहेर काढला आणि त्या चर्चेला विराम मिळाला. १,७९९ डॉलर किमतीच्या त्या यंत्रावरही पुष्कळ टीका झाली. एकच यूएसबी जोडणी, काढता न येणारा विद्युतघट, चकती वाचण्याची सोय नाही, असे आक्षेप होते. परंतु त्या चर्चेचा निवाडा करण्याची एक सोपी रीत उपलब्ध होती. ज्याला पटले त्याने घेतले, ज्याला पटले नाही त्याने घेतले नाही.

सार्वजनिक पैशातून घडणाऱ्या वस्तूच्या बाबतीत ही रीत चालत नाही. तेथे विद्यार्थी हा ग्राहक नसतो. त्याला निवड नसते. न घेण्याचा त्याचा अधिकार कोणत्याही बाजाराला काही कळवीत नाही. म्हणूनच अशा वस्तूविषयीची चर्चा ही अधिक जबाबदार असावी लागते. प्रत्यक्षात मात्र सार्वजनिक योजनेविषयीचा वाद खाजगी वस्तूविषयीच्या वादाच्या नमुन्यावर चालला. येणार की नाही, केवढ्याला येणार, दिसणार कसा, हे प्रश्न ग्राहकाचे आहेत. कशासाठी, कोणाच्या सल्ल्याने, कोणत्या भाषेत, बिघडल्यास दुरुस्त कोण करणार, हे प्रश्न नागरिकाचे आहेत. पहिल्या प्रकारच्या प्रश्नांनी दुसऱ्या प्रकारच्या प्रश्नांची जागा व्यापली.

६. वादातून निसटलेले अभियान

तिरुपती येथे ज्या अभियानाचे उद्घाटन झाले, त्यासाठी अकराव्या पंचवार्षिक योजनेत ४,६१२ कोटी रुपयांची तरतूद मंजूर झाली होती. महाविद्यालये व विद्यापीठे यांना जलद आंतरजाल जोडणी पुरविणे आणि अभ्याससामग्री तयार करणे ही त्याची मुख्य अंगे होती. दृक्‌श्राव्य व्याख्यानमाला, दूरस्थ प्रयोगशाळा, अध्यापकांचे प्रशिक्षण असे अनेक उपक्रम या अभियानाच्या आधाराने पुढे उभे राहिले. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पाने मुक्त संगणक प्रणालींचे पाठ मराठीसह अनेक भारतीय भाषांत उपलब्ध करून दिले, तेही याच अभियानाच्या साहाय्याने.

पाचशे रुपयांच्या यंत्रावर इतका वाद झाला की ४,६१२ कोटी रुपयांवर वाद करण्यास कोणाला उसंत राहिली नाही. जोडणी तालुक्याच्या ठिकाणच्या कला महाविद्यालयापर्यंत केव्हा पोहोचणार, ती पोहोचल्यावर तिचा उपयोग ग्रंथालयात होणार की कार्यालयात, मराठी माध्यमातून पदवी घेणाऱ्या विद्यार्थ्यासाठी इतिहास वा अर्थशास्त्र या विषयांची सामग्री कोण लिहिणार, या प्रश्नांचे उत्तर देण्याची वेळ अभियानाच्या सूत्रधारांवर त्या गदारोळात आली नाही. २००६ साली परकीय यंत्राला लावलेली शैक्षणिक कसोटी २००९ साली स्वकीय यंत्राला कोणी लावली नाही. उपहास करणाऱ्यांनी शासनाची कोंडी केली असे वाटत होते. वस्तुतः त्यांनी शासनाला अधिक कठीण परीक्षेतून सोडविले होते.

याचा अर्थ लहान संगणक निरुपयोगी होता असा नव्हे. नेग्रोपोंटे यांच्या संस्थेचा भारतातील एक आरंभीचा प्रयोग २००७ साली रायगड जिल्ह्यातील कर्जत तालुक्यात एका लहान वस्तीवरील शाळेत झाला. केंद्र शासनाने नाकारलेली वस्तू एका मराठी शाळेत मुलांच्या हाती होती. राष्ट्रीय पातळीवरील वाद करणाऱ्यांना अशा वर्गांकडून शिकण्यासारखे बरेच होते : मुले यंत्र घरी नेतात तेव्हा काय घडते, शिक्षकाची भूमिका कशी पालटते, मराठी अक्षरे लिहिताना काय अडते. त्याचप्रमाणे, महाराष्ट्रात २००१ पासून एमएस-सीआयटी अभ्यासक्रमाद्वारे असंख्य विद्यार्थ्यांनी संगणक हाताळला, तो सामाईक केंद्रात, नेमून दिलेल्या वेळेत. प्रत्येकास एक यंत्र की अनेकांस मिळून एक केंद्र, हा खरा शैक्षणिक वाद होता आणि त्यासाठी लागणारा अनुभव आपल्याजवळ होता. तो वाद झालाच नाही.

७. आकड्याचे उत्तरायुष्य

वार्ता खोटी ठरली म्हणजे ती संपली असे होत नाही. तिने निर्माण केलेली अपेक्षा मागे उरते. २२ जुलै २०१० रोजी तत्कालीन मनुष्यबळ विकास मंत्री कपिल सिब्बल यांनी पस्तीस डॉलरच्या यंत्राचा नमुना सादर केला. ५ ऑक्टोबर २०११ रोजी 'आकाश' नावाची टॅब्लेट प्रत्यक्ष अवतरली. तिची उत्पादक 'डेटाविंड' ही कंपनी होती आणि किंमत सुमारे २,२७६ रुपये होती.

दहाचा आकडा गेला. पण आधी आकडा ठरवून मग त्यात यंत्र बसविण्याची रीत गेली नाही. सात इंची पडदा होता, परंतु तो बोटाने जोर देऊन दाबावा लागे. प्रक्रियकाची गती ३६६ मेगाहर्ट्‌झ आणि स्मृती २५६ मेगाबाइट होती. तीत वापरलेल्या अँड्रॉइड २.२ या प्रणालीत देवनागरी लिपी दाखविण्याची सोय मुळात नव्हती. भारतीय विद्यार्थ्यासाठी घडविलेल्या यंत्राच्या पायातच भारतीय लिपीचा विचार नसावा, याहून बोलके उदाहरण शोधूनही सापडणार नाही. किंमत प्रथम, विद्यार्थी नंतर, या क्रमाचे हे फळ होते. पुढे प्रकल्पाची जबाबदारी राजस्थानच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेकडून मुंबईच्या संस्थेकडे आली आणि ११ नोव्हेंबर २०१२ रोजी सुधारित 'आकाश २' सादर झाली. तिची गती व स्पर्शपटल निश्चितच सरस होते. पण तोवर बाजारात इतर स्वस्त टॅब्लेट येऊ लागल्या होत्या आणि आकाशविषयीचे कुतूहल ओसरले होते.

अखेर विद्यार्थ्याच्या हाती जे साधन आले, ते शासकीय लॅपटॉपच्या मार्गाने आले नाही. ते मोबाइलच्या मार्गाने आले. २०१६ नंतर स्वस्त झालेल्या आंतरजाल जोडणीने ते घडविले. २०२० साली महाविद्यालये बंद झाली तेव्हा असंख्य विद्यार्थ्यांनी त्याच हातभर अंतरावरच्या पडद्यावर तास ऐकले. ऐकणे त्यावर जमले, पाहणेही जमले. दहा पानांचा निबंध लिहिणे मात्र जमले नाही. तेव्हा कळफलक असलेल्या, लिहिता येईल अशा लहान यंत्राची आठवण पुन्हा झाली. म्हणजे २००९ च्या वार्तेमागील गरज खोटी नव्हती. खोटा होता तो आकडा, आणि आकड्यालाच गरज समजण्याची चूक.

८. समारोप

दहा डॉलरच्या लॅपटॉपची कथा ही शासनाच्या बढाईची कथा म्हणून सांगितली जाते. ती तशी आहेही. परंतु ती तितकीच, त्या बढाईवर वाद घालणाऱ्या सुशिक्षित समाजाचीही कथा आहे. श्रद्धावानांनी आकड्याला मान दिला, गणितज्ञांनी आकडा खोडला, विषण्णांनी आकड्यालाच विटाळ मानला. आकड्याच्या पलीकडे कोणी गेले नाही. ज्याच्या नावाने सर्व चालले होते, तो विद्यार्थी या वादात केवळ षष्ठीच्या प्रत्ययापुरता उपस्थित होता : विद्यार्थ्याचा लॅपटॉप, विद्यार्थ्याचे हित, विद्यार्थ्याची गरिबी. कर्ता म्हणून तो एकाही वाक्यात आला नाही.

अशा वार्ता यापुढेही येत राहतील. यंत्राचे नाव व आकडा तेवढा बदलेल. त्या खऱ्या की खोट्या याचा शोध वार्ताहरांनी व अभियंत्यांनी घ्यावा. अध्यापकाचे कार्य निराळे आहे. या यंत्रावर विद्यार्थी काय वाचील, कोणत्या भाषेत लिहील, ते बंद पडेल तेव्हा कोणाकडे जाईल, आणि त्याच्याविना जो राहील त्याचे काय, हे चार प्रश्न त्याने प्रत्येक घोषणेला विचारावयास हवेत. हे प्रश्न विचारण्यासाठी यंत्र बाजारात येण्याची वाट पाहावी लागत नाही. तुरी बाजारात असतानाच जर भांडावयाचे असेल, तर निदान ताटात कोण बसणार आहे, यावरून भांडावे.